आठाचे दहा

गुरुवारी आई नेहमीप्रमाणे दहाला पाच कमी असताना आली, खुर्चीवरची उशी दोनदा झटकली, आणि बसायच्या आधीच लेकीच्या टेबलाकडे बघून म्हणाली, "हे टेबल आहे की उकिरडा?"

"तुझं आवरून झालं की माझं आवर."

"चाळिशी उलटली तरी आईनेच आवरायचं. छान आहे."

आईने या संस्थेच्या बुरशी विभागात बत्तीस वर्षं नोकरी केली होती, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी दर गुरुवारी ती येई. पगार नाही, पद नाही, टेबलही लेकीच्या शेजारचं, खिडकीकडचं, उसनं. पण कुजक्या लाकडावरच्या बुरशीचा आरपार दिसेल इतका पातळ छेद नुसत्या ब्लेडने काढावा तर तिनेच, हे सगळा विभाग मानत होता. छेद काढायचं यंत्र होतं, पण ते वरचेवर रुसायचं. आई रुसायची नाही.

बुरशी म्हटलं की लोकांना छत्री आठवते. आईच्या बुरश्यांना छत्री नसे. जंगलात पडलेली फांदी उलटी करावी, तर खालच्या अंगाला कुणी चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा पापुद्रा दिसतो, तीच ती बुरशी. शंभरातले नव्व्याण्णव लोक तिच्यावर पाय देऊन पुढे जातात. शंभरावी आई.

तिने पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा घेतला, पाण्यात भिजवून जागा केला, भेंडाच्या दोन मऊ तुकड्यांमध्ये धरला आणि ब्लेड अंगठ्याकडे ओढलं. चार छेद वाया, पाचवा पसंत. तो काचेवर ठेवून तिने गुलाबी रंगाचा थेंब सोडला, वर काचेचा पापुद्रा टाकला, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि खुर्ची मागे घेतली.

"बघ."

"तूच बघ की एकदा."

"नको गं बाई. मला आठाचे दहा दिसतात, ठाऊक आहे ना साऱ्या विभागाला." आई हसली. गेली अकरा वर्षं ती याच शब्दांत हसत होती, आणि अकरा वर्षांत तिने मोजण्यासाठी म्हणून एकदाही भिंगाला डोळा लावला नव्हता.

लेक बघू लागली. आई ब्लेड पुसत म्हणाली, "चिंगे, ते माझं बुरशीचं पाकीट घाल ना एकदा तुझ्या यंत्रात. तुमची यंत्रं म्हणे पोटात शिरून जन्मदाखला काढतात. मी आपली तोंडवळा बघून सांगितलं होतं. तोंडवळ्याला कोण विचारतंय?"

"घालते. पुढच्या आठवड्यात."

"तुझा पुढचा आठवडा म्हणजे उद्याचा उद्या. कधी उजाडत नाही."

ते पाकीट म्हणजे लेकीच्या घशात अकरा वर्षं अडकलेलं हाडूक होतं.

झालं होतं ते असं. संस्थेच्या मागच्या ओढ्याकाठी आईला एका फांदीवर एक पांढरी बुरशी सापडली. दिसायला सगळीकडे आढळते तशीच, पण आईला ती वेगळी वाटली. तिने नमुना कागदाच्या पाकिटात ठेवला, छेद काढले, चित्रं काढली आणि तीस बीजाणू मोजले. सूक्ष्मदर्शकात ज्या भिंगाला आपण डोळा लावतो, त्या आयपीसमध्ये एक बारीक मोजपट्टी कोरलेली असते. तिच्यावरचं एक घर म्हणजे किती मायक्रॉन, हे प्रत्येक आयपीससाठी एकदा तपासून ठेवायचं असतं. आईच्या आयपीसमध्ये एक घर म्हणजे नेमका एक मायक्रॉन, म्हणून ती घरं मोजायची आणि तोच आकडा लिहायची. बीजाणूंची लांबी दहा आली. नेहमीच्या बुरशीची आठ असते. आईने विभागाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, ही जात नवी आहे.

विभागप्रमुखांनी दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर मोजलं. आठ. आणखी एकाने मोजलं. आठ. मग आईच्याच सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी तपासली, तर ती बिनचूक निघाली. मग राहिले आईचे डोळे.

विभागाला ठाऊक होतं ते एवढंच. लेक तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर होती. दमट हवेत भिंगावरही बुरशी चढते, बुरशीवर प्रबंध लिहिणारीचं भिंग म्हणून ती सोडत नाही. तिचा आयपीस असा धुरकटला होता. एका दुपारी आई जेवायला गेली असताना तिने आईचा स्वच्छ आयपीस काढून स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाला लावला आणि आईच्याला कपाटातला एक जुना लावून ठेवला. संध्याकाळी परत ठेवू, असं मनाशी म्हणाली. आपल्या मापांसाठी तिने मोजपट्टी तपासून घेतली. आईला सांगायचं राहिलं. त्या जुन्या आयपीसची घरं बारीक होती. एक घर म्हणजे पुरता एक मायक्रॉन नव्हे, त्याचे चार पंचमांश. तीस बीजाणू आईने त्या उसन्या पट्टीवर मोजले.

दहा दिवसांनी ती बैठक झाली. बैठकीतून सगळे चहाला गेले आणि लेक सरळ खोलीत आली. सूक्ष्मदर्शक तपासायला कुणी यायच्या आत तिने आईचा आयपीस जागच्या जागी बसवला आणि जुना परत कपाटात टाकला. सांगायला विसरणं ही चूक होती. परत बसवणं ही चूक नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

प्रबंध द्यायची तारीख तीन आठवड्यांवर होती. प्रबंध दिला, तोंडी परीक्षा झाली की सांगू. मग नेमणूक झाली की सांगू. मग इतका उशीर झाला की सांगण्यापेक्षा न सांगण्याचीच सवय झाली.

त्या गुरुवारीही तिने प्रयत्न केला. आई निघाली, दारात चप्पल सरकवत होती.

"आई..."

"काय?"

आई थांबली. जरा जास्तच थांबली, असं लेकीला मागाहून वाटलं.

"काही नाही. डबा राहील तुझा."

"नाही राहत," आई म्हणाली आणि डबा उचलून गेली.

शुक्रवारी सकाळी बाबांचा फोन आला. आई पलंगावर बसून केस विंचरता विंचरता गेली. फणी हातातच होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. लोक अशा वेळी हे वाक्य का सांगतात कोण जाणे. कळलं नसेल तर सांगायचं राहिलेलं कुठे जातं?

*

लेक महिनाभर बाबांकडे राहायला गेली. बाबा वीजखात्यात मीटर वाचायला होते. आईची नजर गेली असं ठरल्यापासून ते रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवत. "जन्मभर लोकांचे मीटर वाचले, आता बायकोला बातम्या वाचतो. रीडिंग काही सुटत नाही," असं म्हणत. आई मुकाट्याने ऐके. आता ते पेपर उघडत, पहिला मथळा मोठ्याने वाचत, आणि मिटून ठेवत.

तिसऱ्या दिवशी लेकीने बघितलं, बाबा मागच्या अंगणात तांब्याने लाकडांवर पाणी शिंपडत होते.

"हे काय करताय?"

"पाहुण्याला पाणी."

"कुठला पाहुणा?"

"तिचा. मला काय ठाऊक? सकाळ-संध्याकाळ शिंपडा म्हणायची, उन्हात ठेवू नका म्हणायची. लाकडाला पाणी घालणारा जगात मी एकटाच असेन. शेजारचे विचारतात, पालवी फुटली का हो?"

लेक खाली वाकली. भिंतीच्या सावलीत अकरा फांद्या एकमेकींना खेटून ओळीने ठेवल्या होत्या. प्रत्येकीला तारेने पत्र्याची चकती बांधलेली, चकतीवर खिळ्याने कोरलेलं साल. पहिली फांदी तर आता फांदीच राहिली नव्हती, बोट लावलं की भुसा. दुसरी पोकळ. पण दरवर्षी आईने एक ताजी फांदी शेजारी आणून ठेवली होती, आणि पांढरा पापुद्रा जुनीवरून नवीवर, नवीवरून तिच्या पुढचीवर चालत आला होता. अकरावीच्या पोटाखाली तो ओला, दुधाळ, जिवंत होता. तेवढ्यावर तो थांबलाही नव्हता. ओळीच्या टोकाला आई बसायची ते बुटकं लाकडी स्टूल होतं. त्याच्या एका पायाला खालून बोटभर पांढरं लागलं होतं.

पहिल्या चकतीवरचं साल त्या बैठकीचं होतं. कुणीतरी अकरा वर्षं, रोज दोनदा, न बोलता काहीतरी तेवतं ठेवलं होतं, आणि ते आता आईच्या जागेपर्यंत येऊन पोचलं होतं.

तिने अकराव्या फांदीचा एक तुकडा कागदात गुंडाळला.

*

विभागाच्या कपाटातलं आईचं पाकीट तिने पहिल्यांदा उघडलं ते वरच्या घडीपुरतंच, नमुन्याचा कण चिमट्याने काढला आणि पाकीट लगेच मिटलं. जुन्या वाळक्या कणातून आणि अंगणातल्या ओल्या तुकड्यातून तिने वेगवेगळे डीएनए काढले. एक जागा अशी, जी जातीजातींत पटकन बदलते. दुसरी अशी, जी सावकाश बदलते. दोन्ही वाचून घेतल्या, जगभरच्या नातेवाईक बुरश्यांशी लावून बघितल्या, आणि यंत्राला वंशवृक्ष काढायला लावला.

वृक्ष पडद्यावर आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, बाहेर कुणीतरी जिन्यात मोठ्याने हसत होतं. नेहमीची बुरशी आपल्या सगळ्या भावंडांसकट एका फांदीवर दाटीवाटीने बसली होती. पाकिटातली आणि अंगणातली, दोघी एकमेकींना चिकटून, एका लांब, एकट्या फांदीच्या टोकाला होत्या. मध्ये एवढं अंतर होतं, की चुकून शेजारी असण्याची सोयच नव्हती.

आईने तोंडवळा बघून सांगितलं होतं ते खरं होतं.

विभागप्रमुख प्रत्येक गोष्टीला 'तूर्तास' जोडत, म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना तूर्तासच म्हणत. ते वृक्षाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. "ताईंचं बरोबर होतं म्हणायचं," ते म्हणाले. "कमाल आहे. तूर्तास तुम्ही भिंगाचं काम पुरं करा. नुसत्या डीएनएवर जात उभी राहत नाही. डोळ्यांना काय वेगळं दिसतं ते सांगायला हवं. आणि जातीला ताईंचंच नाव द्या."

भिंगाचं काम करायला ती आईच्या सूक्ष्मदर्शकाशी बसली. आयपीस आईचाच, मोजपट्टी पुन्हा तपासलेली. छेद तिला आईसारखे जमेनात, तेराव्याला एक बरा आला. वेगळेपण दिसायला वेळ लागला नाही. अशा बुरश्यांत काही पेशी टाचणीसारख्या वर आलेल्या असतात आणि त्यांच्यावर स्फटिक साचतात. नेहमीच्या बुरशीत ते पेशीच्या अंगभर असतात. इथे फक्त टोकाला, टोपी घातल्यासारखे. आईच्या जुन्या चित्रात ती टोपी ठसठशीत काढलेली होती. कुणी चित्राकडे बघितलंच नव्हतं. सगळे आकड्याकडे बघत बसले.

मग ती बीजाणू मोजू लागली. पहिला बीजाणू पट्टीवर आणला, घरं मोजली. आठ.

"दहा," शेजारून आवाज आला.

आई मोजताना पुटपुटायची. हा तोच सूर होता, ओठांतल्या ओठांत, जरा नाकात. लेकीने मान वळवली नाही. शेजारी उशी घातलेली खुर्ची होती, तिच्यावर उन्हाचा चौकोन होता, हे तिला न बघताही ठाऊक होतं. तिने दुसरा बीजाणू घेतला. सव्वाआठला किंचित कमी.

"दहा. आणि वर थोडं."

तिसरा, साडेसात.

"नऊ. पुढे थोडं." आवाजात तक्रार नव्हती, घाई नव्हती. कामातल्या बाईचा आवाज. "चौथा घे."

ती घेत राहिली. तीस बीजाणू झाले तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि कागदाकडे बघितलं. तीसही आकडे तिच्याच अक्षरात होते. दहा, दहा वर थोडं, नऊ पुढे थोडं, दहा. तिने भिंगातून बघितलेला एकही आकडा कागदावर नव्हता.

तिने तो कागद फाडला नाही. दुसऱ्या दिवशी तेच तीस बीजाणू, त्याच क्रमाने, नव्या कागदावर पुन्हा मोजले. पुन्हा तो आवाज आला. या वेळी तिने दात आवळून आपलेच आकडे लिहिले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून भाग दिला. प्रत्येक जोडीत एकच उत्तर. सव्वापट, सव्वापट, सव्वापट. मग आईच्या मूळ तीस आकड्यांची सरासरी काढली आणि आपल्या सरासरीने भागली. सव्वापट.

ज्याची नजर जाते तो कधी जास्त मोजतो, कधी कमी मोजतो. एकाच पटीने तीस वेळा कुणी चुकत नाही. असं चुकते ती मोजपट्टी. हे गणित दहावीतलं पोरही करेल. अकरा वर्षांत विभागात कुणी केलं नव्हतं. आणि आईने?

हा प्रश्न पडला तशी ती उठली आणि पाकीट पुन्हा काढलं. नमुन्याची पाकिटं एका कागदाला घड्या घालून केलेली असतात. तिने ते प्रथमच पूर्ण उलगडलं, सगळ्या घड्या मोडून. सर्वांत आतल्या घडीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, आईच्या सरळ, चित्रासारख्या अक्षरात: बैठकीनंतरच्या नवव्या दिवसाची तारीख. खाली, 'दहा गुणिले चार पंचमांश बरोबर आठ.' त्याखाली, 'जुना आयपीस. कपाट, वरचा खण. तपासला.'

कुणी, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या, आणि दुसरी लेकीकडे होती.

 मग एकेक गुरुवार तिच्याकडे परत यायला लागला. मला आठाचे दहा दिसतात, ठाऊक आहे ना. दर वेळी आई ते म्हणाली, हसली, आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. ती थट्टा नव्हती. ते दार होतं, दर आठवड्याला उघडं ठेवलेलं. आणि शेवटच्या दिवशी चप्पल पायात सरकवताना ती जरा जास्त थांबली होती.

का बोलली नाही ती? प्रबंध बुडेल म्हणून? लेकीची नाचक्की होईल म्हणून? की तिला काही नको होतं, फक्त एकदा या कार्टीने आपण होऊन यावं एवढंच हवं होतं? घडीवर याचं उत्तर नव्हतं.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. लेक मुद्दाम आईच्या सूक्ष्मदर्शकाशी बसे, बीजाणू पट्टीवर आणी आणि थांबे. खुर्ची गप्प. ऐकू येत होतं तोवर निदान कुणीतरी तिच्याशी बोलत होतं.

*

लेख पुरा झाला. नव्या जातीचं वर्णन, चित्रं, वंशवृक्ष, सगळं. एकच वाक्य उरलं होतं. जुन्या मापांत आणि नव्या मापांत फरक का, हे सांगणारं.

"यात विचार कसला?" तूर्तास म्हणाले. "लिहा, आधीची मापं निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळे सदोष होती. तूर्तास तेवढं पुरे."

"ज्या बाईचं नाव जातीला द्यायचं, तिलाच आंधळं ठरवायचं?"

"अहो, मग काय लिहिणार?"

ती घरून विचार करून येते म्हणाली, आणि रात्रभर विचार केल्यावर सकाळी लिहून दिलं: 'मापनकाळात आयपीस बदलला गेल्याने आकडे सव्वापट आले.'

तूर्तासनी चष्मा कपाळावर चढवला. "बदलला गेला? कुणी बदलला?"

"नोंद नाही."

"बरं. ठीक आहे. तूर्तास राहू द्या." त्यांनी पान उलटलं. इतकं सोपं होतं ते. शोधनिबंधात कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप केलं जातं. आई निर्दोष ठरली होती आणि लेकीच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ती जिना उतरली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, आपण आयपीस दुसऱ्यांदा गुपचूप जागेवर बसवला.

पुढच्या आठवड्यात बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोतीबिंदू पिकला होता. नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास बसा म्हणाली. भिंतीकडेच्या बाकावर दोघं बसली. समोर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. थेंबांनी बाबांची बुबुळं काळीभोर, मोठी झाली होती.

"तू दिसतेयस, पण तोंड नाही दिसत," ते म्हणाले. "धुकं आहे नुसतं. चेहऱ्याच्या जागी एक पोळी आहे."

"बघू नका. मिटून बसा डोळे."

"मिटले तरी तेच." त्यांनी बाकावर हात फिरवला. मग म्हणाले, "तिला इथेच आणली होती. याच बाकावर. त्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली तिने. म्हणाले, बाई, तुमच्या डोळ्यांना धाड भरलेली नाही."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय. एवढी शिकलेली माणसं, सगळ्यांनी मोजलं, सगळ्यांचे आठ आले. ती एकटी बरोबर आणि बाकी सगळे खोटे? बाहेर आल्यावर तिला म्हटलं, वय होतं गं, मान्य कर आणि सोड.  तोवर ती माझा हात धरून होती, रिक्षात बसताना तो सोडला." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. पाणी थेंबांचं होतं की कशाचं, सांगता येत नव्हतं. "दुसऱ्या दिवसापासून मी तिला पेपर वाचून दाखवायला लागलो. ती ऐकून घ्यायची. बघ ना, डोळे धड असलेली बाई, अकरा वर्षं माझ्याकडून पेपर ऐकत बसली, मला वाईट वाटू नये म्हणून. आता तुम्ही तिचं नाव देताय. विभागातून फोन आला होता, ताईंचं बरोबर होतं म्हणाले. म्हणजे सगळ्या जगात तिच्या बाजूने एका माणसाने उभं राहायला हवं होतं, आणि तो मीच. मीच नाही राहिलो. तिला माझ्यामुळे..."

"बाबा."

"नाही, बोलू दे. तिची नजर मीच घालवली."

नर्सने दार उघडून दुसऱ्या कुणाचा नंबर पुकारला. बाकावरची एक बाई उठून गेली. लेकीने बाबांचा हात धरला. ते तिच्या दिशेने वळले, तिचं तोंड असेल तिथे त्या मोठ्या काळ्या बुबुळांनी बघत. त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे तोंड लपवायची सोय होती, आणि तीच तिला नको झाली. दवाखाना माणसांनी भरलेला होता. तिने आवाज खाली केला नाही.

"तुम्ही नाही, बाबा. मी. आईचा आयपीस मी बदलला होता. तिला न सांगता. आणि बैठक झाल्यावर कुणाला कळू नये म्हणून परत बसवला. आईची नजर शेवटपर्यंत बिनचूक होती. तिला ठाऊक होतं मी केलंय ते, आणि अकरा वर्षं ती वाट बघत होती, मी हे सांगेन म्हणून."